थावराचं पागोटं

उत्तमराव हिंगोलीला आले ते दोन दिवसांचं काम धरून. माणूस इथलाच, कळमनुरीचा. विजेचं शिक्षण घेऊन हैद्राबादेत नोकरीला लागलेला. एकोणीसशे अडतीसचा वैशाख चालू होता. गावाबाहेरच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये फाल्गुनात एक तारवाला विजेनं मेला होता. तारा कुठून कशा नेल्यात, खटके कुठं आहेत, माणूस कशानं वाचला असता, हे सगळं तपासून त्यांनी अहवाल द्यायचा होता. त्याशिवाय पुढच्या हंगामाला कारखाना सुरू होणार नव्हता.

फाटकाजवळ लिंबाखाली एक बाई बसली होती. तांड्यावरची भिकाबाई, त्या मेलेल्या थावराची बायको. उत्तमराव दिसताच ती उठली.

"साहेब, मॅनेजर म्हणतो, माजा मालक दारू पिऊन चालू तारेवर चढला. तुमी तसंच लिवणार काय?"

"बघितल्याशिवाय काही लिहिणार नाही, बाई."

"त्यानं पागोटं बांधलं हुतं. तेवढं लिवा. दुसरं काय मागत न्हाई मी."

पागोट्याची गोष्ट अशी. तारेच्या कामाला वर चढायचं झालं की थावरा मोठा खटका पाडून वीज तोडायचा आणि आपलं लाल पागोटं सोडून खटक्याच्या दांड्याला गच्च बांधायचा. तांड्यावरचा माणूस उघड्या डोक्यानं चारचौघांत जात नाही. तेव्हा खाली उतरला की पागोटं घ्यायला तो आधी तिथंच येणार, स्वतःच्या हातानं गाठ सोडणार, आणि मगच खटका चढवणार. दुसऱ्या कुणी त्या गाठीला हात लावायचा नाही. उत्तमरावांनी जाड जाड पुस्तकं वाचली होती, पण इतकी साधी आणि पक्की युक्ती त्यांना कुठं सापडली नव्हती. त्यांना मनापासून कौतुक वाटलं.

"मढं घरी आणलं ते उघड्या डोक्याचं," भिकाबाई म्हणाली. "पागोटं कुठं गेलं, इचारा की त्यांना."

मॅनेजरला विचारलं तर त्यानं हात झटकले. पागोटं बांधलंच नव्हतं, खटका चालूच होता, गडी प्यालेला होता. झालं. खटक्यावर बसणारा सोनाजी बाजूला मान खाली घालून उभा होता. त्याच्या उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. उत्तमरावांनी विचारलं तर पुटपुटला, "भाजलंय."

पहिला दिवस तारा मोजण्यात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मॅनेजर जेवायला गेला आणि कारखान्यात तीनच माणसं उरली: उत्तमराव, सोनाजी आणि फाटकाशी भिकाबाई. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. आत इंजिनाच्या खोलीत मात्र दिवसाढवळ्या अंधार, कारण कापसाचे तंतू साचून झरोके बुजले होते. जळक्या तेलाचा वास होता, आणि त्याच्या खाली आणखी एक वास... केस जळाल्यासारखा. उंदीर मेला असेल तारेत, असं उत्तमरावांनी मनाला सांगितलं.

खटका बसतो कसा, ठिणगी केवढी पडते, एवढंच बघायचं राहिलं होतं. माणूस सावध. त्यांनी आधी शेजारच्या, थावरा जिथं मेला त्या प्रेसच्या खोलीत जाऊन चारी कोपरे बघितले, शिडी भिंतीला आडवी ठेवली, दाराला कुलूप घातलं. तिकडं जाणाऱ्या तारेचे फ्यूज काढले. किल्ली आणि फ्यूज, दोन्ही स्वतःच्या खिशात. मग सोनाजीला इंजिन लावायला सांगितलं. इंजिन धडधडू लागलं, डायनामो फिरू लागला, आणि उत्तमराव बोर्डाकडं वळले.

खटक्याच्या दांड्याला लाल पागोटं बांधलेलं होतं.

उत्तमरावांच्या कपाळाची शीरच उठली. बाईनं डाव साधला म्हणायचा. पुरावा नव्हता, तर आणून बांधला. त्यांना तिचा राग आला, आणि जास्त राग आला तो स्वतःचा, कारण दोन दिवस ते तिच्या बाजूनं विचार करत होते.

"सोनाजी, हे कुणी बांधलं?"

सोनाजीनं बघितलं. मागं सरत सरत तो भिंतीला टेकला.

"साहेब... वर कोण हाये?"

"वर कोण असणार? कुलूप मी घातलंय."

"सोडू नगा, साहेब... ज्यानं बांधलं त्यालाच सोडू द्या..."

"काय पोरखेळ लावलाय," उत्तमराव म्हणाले आणि गाठीला हात घातला. कापड ओलं होतं. घामानं भिजल्यासारखं ओलं, आणि कोमट. गाठ सुटायला वेळ लागला. पागोटं त्यांनी बाकावर टाकलं आणि दांडा वर दाबला.

ठिणगी पडली नाही. पडायचं कारणही नव्हतं, फ्यूज काढून तार तोडलेलीच होती. पण बोर्डावर प्रेसच्या तारेचा मीटर होता, त्याच्या काट्याकडं त्यांचं लक्ष गेलं. काटा थरथरला, चढला, आणि तिथंच अडकून राहिला. फ्यूज खिशात होते. उत्तमरावांनी खिसा चाचपला, बोटांना चिनीमातीचा गारवा लागला. काटा मात्र खाली येईना.

मग कुलूप लावलेल्या खोलीत उंचावरून काहीतरी पडलं. भरल्या पोत्यासारखं, एकदाच.

काटा शून्यावर आला.

दार उघडलं तेव्हा आत काहीच नव्हतं. फक्त भिंतीला आडवी ठेवलेली शिडी तुळईला उभी लागलेली होती. दाराला पुन्हा कुलूप घालून परत येऊन बघतात तर बाकावर पागोटंही नव्हतं. सोनाजी जमिनीवर बसून रडत होता.

"तसाच आवाज, साहेब. तसाच... पागोटं म्या सोडलं हुतं. गाड्या खोळंबल्या हुत्या, मॅनेजर डोक्यावर उभा. म्हणे, उतरला थावरा, लाव. अंगणातून लाल पागोट्याचा माणूस जाताना दिसला मला. मला वाटलं, उतरला. तांड्यावरचा दुसराच कुणी असंल तो. आन् थावराचं पागोटं तर माज्याच हातात हुतं की, साहेब... मग त्याच्या डोक्यावर कुठून येईल? येवढं ध्यानात आलं न्हाई माज्या."

"आणि नंतर?"

"मॅनेजर म्हणला, जाळ. म्या माज्या हातानं भट्टीत घातलं. राख हुईपातूर उभा हुतो."

बोलता बोलता त्यानं उजव्या हाताचं फडकं सोडलं. हात भाजलेला नव्हता. अंगठा आणि दोन बोटं लालभडक होती, कापडाचा कच्चा रंग लागावा तशी.

"अडीच महिने धुतोय," सोनाजी म्हणाला. "राखेनं घासलं, रॉकेलनं घासलं... जात न्हाई."

उत्तमरावांनी आपल्या हाताकडं बघितलं. अंगठा आणि दोन बोटं. ते हौदाकडं गेले, साबण लावला, कातडी सोलवटेपर्यंत घासलं. पाणी स्वच्छच्या स्वच्छ वाहून गेलं.

संध्याकाळच्या आत त्यांनी इंजिन बंद करून, त्याच खोलीत बसून सोनाजीचा जबाब लिहून काढला: थावरानं खटका पाडला होता, पागोटं बांधलं होतं, ते कुणाच्या सांगण्यावरून कुणी सोडलं. भिकाबाईला बोलावून वाचून दाखवला. तिनं खाली बसून सगळा ऐकला, आणि "बांधलं हुतं" हे शब्द दुसऱ्यांदा वाचायला लावले. मग पदर तोंडाला लावून ती पहिल्यांदा रडली. उत्तमरावांना तिच्याकडं बघवलं नाही. तिच्यावर घेतलेला संशय त्यांनी तिला सांगितला नाही.

सोनाजीला लिहिता येत नव्हतं. उत्तमराव शाईची डबी काढत होते, तेवढ्यात त्यानं तसाच, कोरडा अंगठा कागदावर टेकवला. कागदावर लाल ठसा उठला, एकेक रेघ दिसावी असा. सोनाजीनं हात उचलून बघितला. अंगठा स्वच्छ झाला होता, बोटंही. तो कितीतरी वेळ हात उलटासुलटा करून बघत राहिला.

दोघं गेल्यावर उत्तमरावांनी दार लोटलं. एक कोरा कागद घेतला आणि त्यावर एवढंच लिहिलं, आज दुपारी पागोटं मी सोडलं. खाली सही केली, आणि सहीशेजारी आपला लाल अंगठा दाबून धरला, अगदी नख पांढरं पडेपर्यंत.

अंगठा उचलला. कागदावर डाग नव्हता.

त्यांनी पुन्हा दाबला. भिंतीपलीकडं प्रेसच्या खोलीत, कुलपाच्या आत, शिडीची पायरी करकरली, मग तिच्या वरची.