अक्काच्या घोट्यातला आवाज

“अक्का, श्वाससुद्धा हळू घे!”

नंदकुमार ओरडला आणि मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत एकदम शांतता पसरली. पंखा बंद झाला. त्याच्या बायकोने, जयंतीने, धावत जाऊन कुकरखालचा गॅस बंद केला. वर्षातून एकदा, भाऊबीजेला, तेही आठवण करून दिल्यावर बहिणीच्या पाया पडणारा हा भाऊ हल्ली दर रविवारी तिचा पाय धरून बसत असे, ही विज्ञानाचीच कृपा!

अक्काच्या म्हणजे वसुधाच्या उजव्या घोट्यावर रबरी पट्टा आवळलेला होता. खाली आरारूटच्या खळीचा थर. कांडीखाली लावायची परदेशी जेली येईपर्यंत ही खळ अक्कानेच शिजवून दिली होती. नंदकुमारने पेनासारखी कांडी त्या खळीत टेकवली. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी आत जायच्या, वाहत्या रक्तावर आपटून परतायच्या, आणि समोरच्या डब्यातून चक्क रक्ताचा आवाज यायचा. शिरेवर धरलं तर श्वासाबरोबर वाढणारा-ओसरणारा सुस्कारा. धमनीवर ठसठशीत ठेका. पट्ट्यात हवा भरली की ठेका बंद पडायचा. हवा हळूहळू सोडताना ज्या आकड्यावर तो परत यायचा, तोच त्या धमनीतला दाब. सुई नाही, चीर नाही, थेंबभर रक्त नाही. नंदकुमारने मुलुंडच्या एका शेडमध्ये, नोकरी सांभाळून, हे यंत्र जुळवलं होतं.

हवा सुटत गेली... सुटत गेली... काटा उतरला, तरी डबा मुकाच. अखेर खूप खाली, दुरून कुणी दमून चालत यावं तसा एक मंद आवाज आला... हूऽऽश... हूऽऽश...

“वाट लागली! परत बिघडलं!” नंदकुमारने कपाळावर हात मारला. “हाताला एवढा दाब आणि घोट्याला निम्मा? घोट्याला निदान हाताइतका तरी यायलाच पाहिजे!”

“अहो, पण मला बरोबर आला होता. शेजारच्या गुणाजीभावजींनाही,” जयंती हळूच म्हणाली. “वन्संनाच काही होत नसेल ना?”

“अक्काला? अक्काला काय होतंय!”

हे त्या घरातलं मूळ प्रमेय होतं. दूध नासलंय का, ते अक्काने चाखून ठरवायचं. नवीन औषध बाधेल का, ते अक्काने घेऊन बघायचं. अक्का ठणठणीत राहिली की वस्तू पास! मग यंत्राला निराळा न्याय कशाला? अक्कावर बरोबर आलं, तरच यंत्र बरोबर. ते बरोबर येत नव्हतं, म्हणून नंदकुमारने पेचकस घेतला आणि निरोगी यंत्राचं पोट पुन्हा एकदा फाडलं.

अक्काने पाय पुसला. यंत्र खरं बोलतंय, हे त्या घरात एकट्या तिलाच ठाऊक होतं. बाजारात जाताना कोपऱ्यापर्यंत पोचलं की पोटरीत कुणी कपडा पिळावा तशी कळ यायची. मग ती साड्यांच्या दुकानापाशी थांबून काचेतल्या साड्या न्याहाळायची. कळ ओसरली की पुढे. वन्संना उतारवयात साड्यांचा सोस लागलाय, असं जयंतीचं मत झालं होतं, आणि तिने प्रेमाने एक आणूनही दिली होती!

ती का बोलली नाही? आई-वडील गेल्यावर भांडुपच्या शाळेत मास्तरीण होऊन तिने या पोराला इंजिनिअर केलं. बोरिवलीचं चांगलं स्थळ हसत परत पाठवलं. ते स्थळ पुढे दोन वर्षं थांबलं होतं, हे तिने कुणालाच सांगितलं नाही. आता याच्या यंत्राला यश येतंय, रक्तवाहिन्यांची ऑपरेशनं करणाऱ्या घाटकोपरच्या डॉक्टर खांडेपारकरांनी ते बघायला बोलावलंय... अशा वेळी आपलं रडगाणं? छे! आणि मनाच्या तळाशी आणखी एक अबोल, हट्टी आशाही होती. यंत्र ओरडून सांगतंय, एकदा तरी याने ऐकावं... एकदा तरी वर बघावं! पण नंदकुमार वर बघत नव्हता. त्याचं लक्ष काट्यावर होतं.

अंगठ्याजवळचं बोट काळं पडायला लागलं, तेव्हा तिने घरात मोजे घालायला सुरुवात केली. रविवारी पट्ट्यासाठी मोजा फक्त घोट्याखाली दुमडून घ्यायची.

घाटकोपरला यंत्र झकास चाललं. डॉक्टरांनी आपल्या रोग्यांवर ते पुन्हा पुन्हा लावून पाहिलं, खूश झाले आणि म्हणाले, “मग एवढे दिवस अडलं कुठे?”

“एका केसमध्ये चुकतंय, डॉक्टर. सारखा अर्धाच दाब दाखवतं.”

“कोणाची केस?”

“माझी बहीण. पण ती अगदी धडधाकट आहे हो.”

“तपासली कुणी?”

नंदकुमार यंत्राची वायर गुंडाळू लागला.

“म्हणजे पाय राहिला बाजूला,” डॉक्टर सावकाश म्हणाले, “आणि तुम्ही यंत्र उघडत बसलात?”

भर दुपारी तो घरी परतला, तो यंत्र रिक्षातच विसरून. अक्का तांदूळ निवडत होती. तो तिच्यासमोर धपकन खाली बसला आणि त्याने तिच्या पायातला मोजा काढला.

“अक्का...! हे कधीपासून?”

“बरेच दिवस झाले.”

“मग बोलली का नाहीस गं? तोंड नव्हतं का तुला?”

आणि आयुष्यात प्रथमच अक्काचा संयम सुटला. सुपातले तांदूळ घरभर उधळले.

“मी नाही बोलले! पण ते बोलत होतं ना रे! दर रविवारी, तुझ्या कानाशी, तुझ्याच हातात बोलत होतं! त्याचं ऐकलंस? तू त्यालाच फोडून बघितलंस, नंदू... मला नाही विचारलंस!”

जयंती स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून रडत होती. नंदकुमारने त्या थंडगार पावलावर कपाळ टेकलं.

तपासणीत रक्तात साखर निघाली, भरपूर. पानात उरलेला शिरा वाया जाऊ नये म्हणून सगळ्यांच्या वाटचा खाणाऱ्या बाईला आणखी काय निघणार! मांडीतल्या बंद धमनीला डॉक्टर खांडेपारकरांनी ऑपरेशन करून वळणाची वाट काढून दिली. पाऊल वाचलं. दोन बोटं मात्र गेली. थोडं आधी आणलं असतं तर तीही राहिली असती, असं ते म्हणाले. म्हणाले ते नंदकुमारला, अक्काला नव्हे.

टाके निघाले त्या दिवशी तो खाटेच्या कडेवर येऊन टेकला. बराच वेळ चादरीची घडी घालत आणि मोडत राहिला.

“अक्का, एक खरं सांगशील? मी अगदी पहिल्यांदा पट्टा बांधला... तेव्हाच दुखत होतं का?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. डोळे खोल गेले होते, दाढी वाढलेली. ‘नाही रे वेड्या’ एवढं म्हटलं, की हा आज रात्री शांत झोपेल... शब्द ओठांपर्यंत आले. इतकी वर्षं असेच आले होते. पण आज खोटं बोलले, तर हा पुन्हा कधी कुणाला विचारणार नाही.

“हो,” ती म्हणाली. “तेव्हाही दुखत होतं. फार दुखत होतं.”

तो हमसून हमसून रडू लागला. अक्काने त्याला थांबवलं नाही, त्याचे डोळेही पुसले नाहीत. फक्त पाय थोडा बाजूला घेऊन त्याला नीट बसायला जागा करून दिली.