शीळ कुणी घातली?

"दाबा... अजून दाबा... बास, बास!"

मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि आरशात पाहिलं. माझ्या पिकअपच्या मागे काळ्याकुट्ट धुराचा ढग, आणि त्या ढगातून खोकत खोकत बाहेर येणारा एक उंच तरुण. हातात नळी, नाकाच्या शेंड्यावर काजळी. धूर तपासणी केंद्रातला हा नवा तपासनीस. मी मनातल्या मनात त्याचं बारसं उरकलं—नळीवाला!

"नापास," तो म्हणाला.

"तुमचं मशीन बिघडलंय."

"नाचता येईना..."

"...अंगण वाकडं? अहो, माझी म्हातारी तुमच्या जन्माआधीपासून नाचतेय!"

म्हातारी म्हणजे माझी पिकअप. तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडते. हे माझ्या लक्षात यायची काही गरज नव्हती, पण आलं खरं.

"काय बिघडलंय तेवढं तरी सांगा."

"सांगता येत नाही." त्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. तपासनिसांसाठी नियम होते. गाडीला दुरुस्तीसाठी हात लावू नये. दोष सुचवू नये. कोणाकडूनही काही स्वीकारू नये. आणि शेवटी, स्वतःच्या किंवा घरच्यांच्या गाडीची तपासणी करू नये.

"श्वास घेतलेला चालतो का?"

"त्याबद्दल पाटीत काही नाही, म्हणून घेतोय. पण तुमच्या गाडीपुढे तेही अवघडच आहे."

मी फणकाऱ्याने निघाले. फणकारा गल्लीच्या तोंडापर्यंत टिकला, खळी मात्र घरापर्यंत आली.

घरी बाबा वाटच पाहत होते. त्यांच्या कमरेने दगा दिल्यापासून गाडी मी चालवते. लोकांची घरं हलवते मी—कपाटं, पलंग, कुंड्या, एकदा तर पिंजऱ्यासकट पोपट. पण बाबांच्या मते म्हातारीचे दिवस भरले होते.

"महिनाअखेर जुन्या दाखल्याची मुदत संपते," ते म्हणाले. "तोवर पास झाली तर गाडी तुझी, मी पुन्हा ब्र काढणार नाही. नाही झाली तर भंगारात. मग तू मामाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचंस."

मामाचं दुकान खिळे-बिजागऱ्यांचं. मी दिवसभर बिजागऱ्या विकणार आणि समोरचा रस्ता माझ्यावाचून वाहत राहणार!

"दोष काय आहे ते तर सांगा, बाबा."

"ईजीआर व्हॉल्व्ह. दुसरं काय?"

इंजिनातून निघालेला थोडा धूर पुन्हा इंजिनात पाठवणारी ही झडप. काजळी साचून ती उघडीच अडकली होती. नवा व्हॉल्व्ह आणला. बाबा शेडमध्ये खुर्ची टाकून बसले, मी बॉनेटमध्ये डोकं घातलं. वर पत्र्यावर पावसाची टपटप, खाली गंजलेल्या बोल्टची कुरकुर. कोपरं काळी झाली, एका बोटाचं साल निघालं, आणि शेवटी जुना व्हॉल्व्ह एकदाचा हातात आला.

"तिथलं जुनं गॅस्केट नीट खरवडलंस ना?" बाबांनी विचारलं. गॅस्केट म्हणजे व्हॉल्व्ह आणि इंजिन यांच्यामधली फट बुजवणारी पातळ पट्टी. "काळ्यावर काळं, चटकन दिसत नाही ते."

"हो हो," मी म्हटलं. खरवडणं कुठलं! माझं लक्ष खळीत होतं.

दुसऱ्या दिवशी निघताना आईने मला दारातच धरलं.

"धूर तपासायला चाललीस ना? मग काजळ कशाला?"

"डोळ्यांना थंडावा असतो."

"भुरभुर पाऊस पडतोय बाहेर," आई म्हणाली आणि पदरात हसली.

केंद्रावर रांग होती, माझ्या मागेच बोकड घेऊन आलेला टेम्पो. नळीवाल्याने मला लांबूनच ओळखलं.

"आज म्हातारी नटूनथटून आलीय वाटतं."

"धुतलीय कालच."

"मी गाडीबद्दल..." तो थांबला, खाकरला, नळी लावून माझ्या खिडकीशी येऊन उभा राहिला. त्याच्या केसांवर पावसाचे बारीक थेंब होते. "दाबा."

मी दाबलं. आणि अगदी कानाजवळ—शीऽऽऽऽ!

चांगली लांबलचक, वर चढत जाणारी शीळ! मी इंजिन बंद केलं, दार उघडलं आणि खाली उडी मारली.

"शीळ घातलीत? मला?"

"मी? नाही हो..."

"मग कुणी? त्या टेम्पोतल्या बोकडाने?"

रांगेतल्या प्रत्येक खिडकीतून एकेक डोकं बाहेर आलं. नळीवाल्याचे कान लालबुंद झाले.

"मी नाही घातली," तो हळूच म्हणाला. "आणि कुणी घातली, ते मला... सांगता येत नाही."

"वा! चोर तो चोर, वर शिरजोर!"

त्याने मशीनचा पडदा माझ्याकडे वळवला. नापास. पुन्हा नापास! तरी माझी जीभ थांबली नाही.

"सूड उगवलात ना?"

त्याने मान खाली घातली. खळी कुठेच नव्हती.

दात-ओठ खात मी घरी निघाले. जाताना ॲक्सिलरेटर न दाबता उतरलेला उतार आता चढ होऊन समोर आला. मी ॲक्सिलरेटर दाबला.

शीऽऽऽऽ!

उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पुन्हा दाबला... पुन्हा शीळ. मी गाडी कडेला घेतली आणि कपाळाला हात लावला.

बॉनेट उघडलं. नव्या कोऱ्या व्हॉल्व्हच्या बुडाशी काजळीचा ताजा ओघळ होता. जुन्या गॅस्केटचे तुकडे तसेच चिकटलेले, आणि त्यांच्यावर मी नवं बसवलेलं! फट राहिली, हवा निसटत होती, म्हणून शीळ. म्हणूनच तो धूर.

आणि त्याला ते तेव्हाच कळलं होतं. एक शब्द बोलला असता तर सुटला असता. पण दोष सुचवू नये... सगळ्या रांगेसमोर बिचाऱ्याने आळ सोसला आणि तो नियमाला जागला. मला स्वतःची इतकी लाज वाटली, आणि तो इतका आवडला, की चढावर उभ्या उभ्या मला हसू आलं आणि रडूही.

या वेळी मी खळीला रजा दिली. धातू चकाकेपर्यंत खरवडलं, नवं गॅस्केट लावलं, बोल्ट आवळले. मग त्याच चढावर गेले आणि दाबलं. म्हातारी नुसती घुमली, शीळ नाही.

मुदतीचा शेवटचा दिवस. पुन्हा रांग, आणि माझ्या मागे पुन्हा तोच टेम्पो. नळीवाला नळी लावून खिडकीपासून चार हात लांब उभा राहिला.

"एवढ्या लांब?"

"जवळ आलो की आळ येतो, मॅडम."

खोटा आळ चारचौघांत घेतला होता, तर माफीही चारचौघांतच हवी. मी दार उघडून गाडीच्या पायरीवर उभी राहिले आणि रांगेकडे तोंड केलं.

"ऐका हो सगळे! त्या दिवशी शीळ यांनी घातली नव्हती. माझ्या गाडीने घातली होती. गॅस्केट मीच चुकीचं बसवलं होतं!"

"बरं बाई, कळलं!" मागचा टेम्पोवाला ओरडला. "आता आटपा!"

रांग खो खो हसली. नळीवालाही हसायला लागला, मग एकदम गंभीर झाला.

"माफी मागितली म्हणून पास करणार नाही हं."

"केलंत तर गाठ माझ्याशी आहे!"

"दाबा."

मी पुन्हा आत बसले आणि डोळे मिटून दाबलं. म्हातारीने छाती भरून आवाज काढला. मागे काळा ढग नाही, कानाशी शीळ नाही. त्याने पडद्याकडे पाहिलं, बाहीने पडदा पुसला, पुन्हा पाहिलं.

"पास," तो म्हणाला. मग माझ्यापेक्षा त्यालाच राहवलं नाही. "अहो, पास! झकास पास!"

मी बाबांना फोन लावला. "बाबा, म्हातारी पास!"

पलीकडून बाबा म्हणाले, "गाडी तुझी, पोरी. मामाला सांगतो, गल्ल्यावर दुसरं माणूस बघ म्हणून."

नळीवाल्याने दाखला माझ्या हातात दिला, पण त्याचं टोक काही सोडेना.

"मग... पुढच्या वर्षी याल ना?"

"नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या केंद्रात जावं लागेल."

त्याचा चेहरा उतरला. "माझं काही चुकलं?"

"तुमची पाटी वाचा. शेवटचा नियम."

रोज त्या पाटीखाली उभा राहणारा हा माणूस, पहिल्यांदाच वाचत असल्यासारखा ओठ हलवत वाचू लागला. "स्वतःच्या किंवा... घरच्यांच्या..."

आधी कान लाल झाले. मग खळी उमटली, आणि ती काही जाईना.

"मॅडम, तुम्ही..."

"घरची माणसं मॅडम म्हणतात का?" मी दाखल्याचं टोक त्याच्या हातातून ओढून घेतलं. "रविवारी घरी या. आई केव्हाची ओळखून बसलीय. बाबांना फक्त व्हॉल्व्हबद्दल बोलायला कुणीतरी हवं असतं."

"येतो," तो म्हणाला. "नक्की येतो."

मी म्हातारीला गिअर टाकला. फाटकाशी वळले तोच मागून—शीऽऽऽऽ!

माझा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला. गॅस्केट नवं होतं, बोल्ट आवळलेले होते. मी आरशात पाहिलं. नळीवाला दोन्ही हात पाठीमागे बांधून, अगदी निरागस चेहऱ्याने आभाळाकडे बघत उभा होता.

या वेळी मी जाब विचारला नाही. कचकचून हॉर्न वाजवला आणि गाडी रस्त्यावर घेतली.