तेंबोतचा पाहुणा

दार लोट, अस्कर. वारा येतोय. ही गोष्ट माझ्या चुलतभावाची, तेंबोतची. त्याने स्वतः मला सांगितलेली.

गेल्या वर्षी एकोणीस नोव्हेंबरला तो मुलीच्या सासरी हलवा पोचवून परत येत होता. सासर कुमिकांचं, नदीपलीकडच्या लोकांचं. आता आपण चेर्केस त्यांच्यात मुली देतो. पूर्वी तेरेक नदी ओलांडून एकमेकांची मुंडकी उडवायचो.

"सासरे अजूनही तेच करतात, आजोबा!"

गप रे. ऐक.

रात्रीचे पावणेबारा वाजले होते. नदीकाठच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्याने हात केला. तेंबोतने त्याला गाडीत मागे बसवलं. आणि मग चुकला. पाहुण्याला तीन दिवस नाव विचारायचं नसतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण तेंबोतला पेंग येत होती. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "बाबा, नाव काय तुमचं?"

मागून उत्तर आलं.

"आदिलगेरी. कुमिक. आता तुला कळलं... आता ते तुलाच विचारतील."

गाडी बंद पडली.

टापा आल्या. चारी बाजूंनी. स्वारांचा पोशाख आपल्या पणजोबांच्याही आधीचा. एवढ्या थंडीत घोड्यांच्या नाकातून वाफ नव्हती.

एकजण काचेशी वाकला. बोली आपलीच, पण फार जुनी.

"पोरा, तू आमचा. मागे कोण आहे?"

"पाहुणा."

"नाव?"

पाहुण्याला कुणाच्या हाती द्यायचं नसतं, हे तेंबोतला माहीत. नाव माहीतच नसतं, तर सुटला असता.

"नाव सांग. नाहीतर त्याच्या जागी तुला नेऊ."

तेंबोतने आरशात मागे पाहिलं.

"सांग."

"तेंबोत," तो म्हणाला. "हे माझं नाव. हेच घेऊन जा."



मग टापा लांब गेल्या. मागची सीट रिकामी होती.

"मग तेंबोतला नेलं, आजोबा?"

अजून नाही. पण रात्री बाहेरून नावाने हाक आली, की तो ओ देत नाही. बायकोलासुद्धा नाही.

त्या रात्री घरी पोचला, तर पाहुण्यांच्या खोलीत दिवा लागलेला. बायको हळूच म्हणाली, "आत कुणाला पाठवलंत? मी काही विचारलं नाही हो."

आत कुणी नव्हतं. खुंटीवर एक चाबूक टांगलेला होता. पाहुणा मुक्कामाला असला, की टांगतो तसा. निघताना तो काढून नेतो.

परवा मी जाऊन आलो. खोलीला कुलूप होतं, खिडक्या बंद. तेंबोतने दार उघडलं.

चाबूक तिथेच आहे.

हलत होता.