दोन सारख्या डब्या

“एकीवर खूण कर गं. दोन्ही डब्या जुळ्या बहिणींसारख्या आहेत. एक दिवस तुझी फजिती होणार.”

ताई असं म्हणाली तेव्हा धाकटी बॅगेत कुत्र्याचं अंथरूण कोंबत होती. “चार वर्षं वापरतेय मी. आता मला शिकव,” म्हणत तिनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

डब्या म्हणजे बेबी मॉनिटर. एक डबी बाळाच्या उशाशी ठेवायची, ती ऐकते. दुसरी आईनं जवळ ठेवायची, ती बोलते. धाकटीची चिमी आता चांगली चार वर्षांची झाली होती, आणि आवाज असा की यंत्राशिवायच दोन घरं पलीकडे जावा. तरी धाकटी अजून बोलणारी डबी उशाखाली घेऊनच झोपायची. घटस्फोटाला दोन वर्षं झाली होती. घरात राखणीला दुसरं माणूस नाही, म्हणून तिचे कान कायम ड्युटीवर. ताई तिला काळजीवाहू सरकार म्हणायची, ते काही उगाच नाही.

ताईला ऑफिसात बक्षीस मिळालं होतं… शहरातल्या जुन्या, भारी हॉटेलात दोन रात्री. ते पाकीट तिनं धाकटीच्या हातात ठेवलं. “चिमी माझ्याकडे राहील. कुत्रं तू ने, तुझ्या भावोजींना शिंका येतात. आणि एकदा तरी गरम चहा गरम असताना पी.”

कुत्र्याचं नाव भुंगा. काळा, दीड वीत, सदा कशावर तरी गुरगुरत असलेला.

हॉटेलाचा थाट पाहून धाकटीलाच संकोच वाटला. पाय रुततील असे गालिचे, दारांना पितळी मुठी, पलंगाशेजारी भुंग्यासाठी मखमली गादी. अट एकच. चहाच्या दालनात कुत्र्यांना मज्जाव. म्हणून तर डब्या बरोबर आल्या होत्या.

शनिवारी सकाळी ती भुंग्याला घेऊन मागच्या अंगणात उतरली. पानगळ ऐन भरात होती. फरसबंदीवर तांबूस पानांचा असा थर की पाऊल टाकलं की रस्ताच कुजबुजावा. मागच्या पायरीवर एक माणूस खिडकीचं लाकडी दार मांडीवर घेऊन घासत बसला होता. कानावर पेन्सिल, केसांत भुसा. तो वाकला, आणि भुंग्यानं त्याच्या कानावरची पेन्सिल पळवली.

“भुंगा… सोड. सोड म्हटलं ना.”

“राहू द्या,” तो म्हणाला. “सकाळपासून मीच तिला चावत होतो. आता त्याची पाळी.”

धाकटी हसली. आपलं हसू इतक्या दिवसांनी ऐकून ती जरा दचकलीच.

“नवीन आणून देते मी.”

“नवीन कशाला? चहा पाजा.”

“ओळख ना पाळख…”

“ओळख आहे की. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता.”

“तुम्हाला कसं माहीत?”

त्यानं हातातल्या पॉलिश पेपरानं तिच्या पायांकडे खूण केली. ती खोलीतल्या पांढऱ्या कापडी सपाता घालूनच खाली आली होती. “असल्या तिसऱ्यावरच देतात.”

“तुम्ही खिडक्या बघता की पाय?”

“खाली बसून काम करणाऱ्याला आधी पायच दिसतात. चेहरा नशिबानं.”

 धाकटीनं उगाच खिडकीच्या दारावर पेन्सिलीनं लिहिलेल्या आकड्यांकडे बघत विचारलं, “हे आकडे कसले?”

“या इमारतीत शंभर खिडक्या आहेत. सगळ्या सारख्या दिसतात, पण एकीचं दार दुसरीत बसत नाही. म्हणून काढायच्या आधी दाराला आणि चौकटीला एकच खूण करायची. सुतारकामातला पहिला धडा हाच.” तो बोलता बोलता कानावरची पेन्सिल शोधायला लागला, ती नाही हे आठवून थांबला… आणि पुन्हा शोधायला लागला.

धाकटीला खूण म्हटल्यावर ताई आठवली. डब्या मात्र आठवल्या नाहीत.

“आमची कोपऱ्यातली खिडकी रात्रभर खडखडते,” ती म्हणाली.

“उद्या रविवार, सुट्टी. तरी तिचाच नंबर. पहिला.”

तो ‘पहिला’ जरा जास्तच ठासून म्हणाला, असं तिला वाटलं. वाटलं म्हणजे… दुपारभर वाटत राहिलं.

चार वाजता तिनं भुंग्याला मखमलीवर निजवलं, खिडकी ओढून लावली, दोनदा हलवून पाहिली. एक डबी त्याच्याजवळ ठेवली, दुसरी पर्समध्ये टाकली आणि चहाच्या दालनात आली. पातळ कपबशा, वाफाळता चहा, काचेपलीकडे अंगण. डबी तिनं कपाशेजारीच ठेवली. पंधरा मिनिटं झाली, डबी गप्प. गुणी बाळ, तिनं मनात म्हटलं आणि ताईला फोन लावला.

“एकदाही भुंकला नाही,” ती अभिमानानं म्हणाली. “आणि ताई… इथे एक खिडकीवाला आहे.”

“काय आहे?”

“खिडक्या दुरुस्त करतो. बोलताना कानावरची पेन्सिल शोधतो. नसली तरी. हात असे… म्हणजे लाकडाला दुखू नये तसे.”

“अगं बाई. पुढे?”

“पुढे काही नाही. चहा पाजा म्हणाला.”

“मग पाज ना, विहीर खणायची आहे का त्यासाठी?”

धाकटी कपातला चमचा फिरवत राहिली. “भीती वाटते गं. माझं एक असू दे. पण चिमी वर्षभर दाराशी बसून राहायची, आठवतं ना? पुन्हा तिला कुणा माणसाची सवय लावायची, आणि पुन्हा तो…” तिनं नजर खाली केली आणि तिला दिसलं, डबीवर लाल दिवा आहे.

बोलणाऱ्या डबीचा दिवा हिरवा. लाल, ऐकणारीचा.

म्हणजे भुंगा गप्पच आहे असं नव्हे. तो घसा फाटेस्तोवर ओरडला असता तरी तिला कळलं नसतं. तिनं काचेतून बाहेर पाहिलं. पायरीवर खिडकीचं दार तसंच टाकलेलं, शेजारी माणूस नाही. आणि दोन नोकर मान वर करून बघतायत… कोपऱ्याकडे, तिसऱ्या मजल्याकडे.

डबी उचलून ती धावली, लिफ्टची वाट बघायलाही थांबली नाही. जिन्यात एक सपात सुटून मागे राहिली. प्रत्येक पायरीला तिच्या मनात एकच होतं, चिमीला मी काय सांगू.

दार अर्धवट उघडं होतं. खिडकीला पाठ टेकून, गालिच्यावर पाय पसरून खिडकीवाला बसला होता. मांडीवर चामडी एप्रनचं गाठोडं.

“आहे. घोरतोय,” तिनं विचारायच्या आत तो म्हणाला.

धाकटी त्या गाठोड्यापाशी खाली बसली. तिनं भुंग्याच्या पोटावर तळवा ठेवला. गरम, वरखाली होणारं एवढंसं पोट. मग ती हुंदके देत हसली की हसत रडली, तिचं तिलाच कळलं नाही. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे कानांपासून खाली आले.

“वाऱ्यानं खिडकी उघडली,” तो हळू सांगू लागला. “हा कठड्यावर चढून झाडाच्या पानांवर गुरगुरत होता. सफाईच्या मावशींनी दार उघडून दिलं, मी मागून उचलला. कडी निसटतेय तिची, म्हणून टेकून बसलो.”

“पण तुम्ही खालून वर बघितलंत कसं?”

“आज त्या कोपऱ्याकडे…” त्यानं कान चाचपला, पेन्सिल नव्हती. “आज जरा जास्तच बघत होतो.”

तेवढ्यात तिची नजर पलंगाखाली गेली. तिथे टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यातून हिरवा दिवा मिणमिणत होता.

“बंद कुठून करायची ते कळेना,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “आधी उशीखाली ठेवली. ती यानं उकरून काढली.”

“किती ऐकलंत?”

“खरं सांगू की खोटं?”

“खोटं.”

“काहीच नाही.”

“आणि खरं?”

“पेन्सिलीपासून.”

धाकटीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यानं भुंग्याला एप्रनमध्ये नीट गुंडाळलं. मग म्हणाला, “पुढे जाऊन काय होईल ते मला कसं सांगता येणार? शंभर खिडक्या घेतल्यात, वसंतापर्यंत इथे आहे. रविवारी सुट्टी. चिमीला माझी सवय लावूच नका. आधी मला तिची लागते का, ते बघू. माझं काही झालं तर मी मोठा माणूस आहे, दाराशी बसून राहीन.”

धाकटीनं हात काढले. “चहा गार झाला असेल,” ती म्हणाली. “पण… दुसरा मागवता येईल.”

“आणि मी फोन ठेवू का?” तिच्याच मुठीतून आवाज आला. “ठेवायला विसरलीस, काळजीवाहू सरकार. तुझ्या भावोजींना तर आता शिंका न येताच डोळ्यांत पाणी आलंय.”

खिडकीवाला इतका हसला की भुंगा जागा झाला. त्याच्या पंजाखाली पेन्सिलीचं थोटूक होतं. ते घेऊन खिडकीवाल्यानं एका डबीवर कान काढला, दुसरीवर तोंड. “खूण केल्याशिवाय जोडी वेगळी करायची नाही,” तो म्हणाला, आणि डब्या परत देताना त्याची बोटं तिच्या बोटांवर क्षणभर जास्त रेंगाळली. तिनंही काढून घेतली नाहीत.

वसंतात शंभरावी खिडकी संपली. रविवार संपले नाहीत. सवय आधी कुणाला कुणाची लागली, यावर खिडकीवाला आणि चिमी अजून भांडतात. धाकटी आता डबीशिवाय झोपते, आणि गाढ झोपते.

पण त्या शनिवारचं एक सांगायचं राहिलं. चहा पिऊन झाल्यावर धाकटीनं ताईला पुन्हा फोन केला होता. आभार मानायला म्हणून, आणि तोंडातून भलतंच निघालं. “ताई, तू कशी आहेस?”

पलीकडे इतकी शांतता पडली, की फोन कट झाला असं तिला वाटलं.

“तिथल्या पलंगावरच्या गाद्या खरंच मऊ आहेत का गं?” ताईनं बऱ्याच वेळानं विचारलं. “मलाही जायचं होतं. दमलेय मी. पण तुझ्याकडे बघवत नव्हतं.”

ती दुसरी रात्र ताई हॉटेलातल्या त्या मऊ गादीवर झोपली. धाकटी तिला न्यायला स्वतः गेली होती, आणि चिमीपाशी भावोजी राहिले.

तुमच्याही घरात ताईसारखी एक ऐकणारी डबी असेल. तिचा दिवा सतत चालू असतो, म्हणून ती ठीक आहे असं आपण धरून चालतो. आज तिला एक फोन कराल? कशी आहेस विचारा, आणि मग थोडा वेळ काही बोलू नका.