कुठलं आधी, साहेब?

दिवा राहू दे तसाच, मोठा करू नकोस, डोळ्यांवर येतो. आणि तू रे चष्मेवाल्या, पाय आत घे. उद्यापासून नाक्यावर उभे राहणार ना तुम्ही दोघं? मग ऐका. नाहीतरी आज तुम्हाला झोप येणार नाही, नवी काठी उशाशी घेऊन कुणाला झोप येते?

भुतावर विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. तीस वर्षं पोलिसांची गाडी चालवली, रात्री-अपरात्री नको नको त्या रस्त्यांनी आणली, मला एकदाही काही दिसलं नाही. पण हे ज्याला दिसलं तो हवालदार माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. खोटं बोलायची वेळ आली की त्याचे कान लाल व्हायचे, म्हणून बिचारा खोटं बोलायच्या भानगडीत पडायचाच नाही. आयुष्यात एकदा पडला. त्याचीच ही गोष्ट.

त्याला सगळे 'सबुरी' म्हणायचे. गाडीवाला पिऊन आलेला असो नाहीतर कुणा बड्या माणसाचा मेहुणा असो, याचं आपलं एकच, "सबुरीनं घ्या." बायकोशी वाजलं तरी तेच. ती म्हणायची, "तुमच्या सबुरीनंच माझं डोकं फिरतं." तुमच्यासारखी पंचवीस-तीस पोरं त्याच्या हाताखालून गेली. प्रत्येकाला पहिल्या दिवशी तो एकच नियम सांगायचा. नाक्यावर गाडी थांबवली की बोलायचं एकानं, दुसऱ्यानं फक्त बघायचं. का? तर समोरच्याला कान दोन असले तरी डोकं एकच असतं.

तर तो फेब्रुवारी महिना होता. अकरा तारीख, बुधवार. हवालदार जेवून अंथरुणावर पडला होता आणि साडेअकराला ठाण्यातून कारकुनाचा फोन आला. नाक्यावरच्या केबिनमध्ये जुनी नोंदवही राहिलीये, ती सकाळी सातच्या आत साहेबांच्या टेबलावर हवी. अकरा वाजता चौकशी आहे.

"अहो, पहाटे जा की," बायको म्हणाली. "वहीला काय पाय फुटणार आहेत?"

"पहाटे डोळा लागला तर?"

"तुमचा? चार महिने झाले, पहाटे जागेच असता तुम्ही."

हे खरं होतं. गणवेश चढवला, मफलर गुंडाळला, टॉर्च घेतला, स्कूटरला दोन लाथा मारल्या आणि निघाला.

नाका गावाबाहेर, बंद पडलेल्या गिरणीच्या वळणावर. पत्र्याची एक केबिन, रस्त्यात तिरके ठेवलेले दोन लोखंडी अडथळे, त्यांवर लाल चकत्या. ऑक्टोबरपासून तिथली रात्रपाळी बंदच होती. का बंद होती, ते आता सांगतो. ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

ऑक्टोबरमध्ये त्या नाक्यावर हवालदार आणि एक नवा शिपाई उभे होते. शिपायाला लागून सहा महिने झालेले. पोरगा वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. पण त्या रात्री दहाच्या सुमारास एक गाडी अडथळा उडवून याच्या पायाच्या बोटांवरून गेली होती. पोरगा लंगडत होता, थरथरत होता आणि घरी जायला तयार नव्हता. हवालदारानं तेव्हाच त्याला घरी पाठवायला हवं होतं. म्हणाला, सबुरीनं घेऊ.

एकला दहा कमी असताना एक छोटी व्हॅन आली. शिवणयंत्रं दुरुस्त करणारा मिस्त्री. एका शिंप्याची तीन यंत्रं पोचवून परत चालला होता. हात दाखवल्यावर थांबला. खाली उतर म्हटल्यावर उतरला. आणि मग, पोरांनो, जे व्हायला नको ते झालं. दोघं एकदम बोलले.

शिपाई ओरडला, "हात वर कर."

हवालदार गाडीच्या दुसऱ्या अंगाला होता. बावीस वर्षांची सवय, तोंडातून आपोआप गेलं, "कागद काढा."

मिस्त्रीनं एक हात वर केला. दुसरा सदऱ्याच्या खिशाकडे नेला. शिपाई म्हणतोय हात, हवालदार म्हणतोय कागद. त्या माणसानं याच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठलं आधी, साहेब?"

उर्मटपणे नाही. खरंच विचारलं त्यानं. बँकेत आपण विचारतो ना, आधी सही करू की फॉर्म भरू, तसं.

कुणी उत्तर दिलं नाही. मग त्यानं आपल्या मनानं ठरवलं. हवालदाराचे केस पिकलेले, आवाज शांत. मोठ्या माणसाचं ऐकावं म्हणून त्यानं बोटं खिशात घातली... आणि शिपायाची काठी पडली. पहिला तडाखा खांद्यावर. दुसरा कानामागे.

खिशातून परवाना निघाला. दुसरं काही नव्हतं त्यात.

माणूस पहाट बघू शकला नाही. घरी बायको होती, सात वर्षांची मुलगी होती. नोंदवहीत काय लिहिलं गेलं? 'हात वर करण्यास सांगितले असता नकार दिला, हुज्जत घातली, खिशातून हत्यार काढण्याचा प्रयत्न केला.' खाली हवालदाराची सही. 'कागद काढा' हे दोन शब्द कुठेच नाहीत. साहेबांनीच सांगितलं होतं त्याला, "तुम्ही गप्प होतात. नियमच आहे ना तुमचा, एकानंच बोलायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. सात महिन्यांत निवृत्त व्हाल, शांतपणे घरी बसा."

झालं. शाळेत पोरं त्या मुलीला म्हणायला लागली, तुझा बाबा गुंड होता, पोलिसांवर धावून गेला. ती घरी येऊन आईला विचारायची, "बाबा धावून गेला होता का?" हे हवालदाराच्या कानावर आलं होतं. गावात काय राहतं लपून? आणि उद्या चौकशीत त्याला एवढंच विचारणार होते, तुम्ही त्या वेळी काही बोललात का. नाही म्हटलं की संपलं. तो मिस्त्री कायमचा गुंड.

तर अशा मनानं तो नाक्यावर पोचला. स्कूटर लावली. पावणेएक वाजले होते. चंद्र नव्हता. गिरणीच्या भिंतीपाशी एक कुत्रं पडलेलं असायचं नेहमी, ते नव्हतं. कुलूप उघडलं, टेबलाच्या खणातून वही काढली, झटकली, काखेत मारली. दार ओढून घेतलं आणि वळला.

दोन अडथळ्यांच्या मधे कुणीतरी उभं होतं.

त्याला वाटलं, असेल कुणी पिऊन पडलेला. टॉर्च लावला. आपण कसा लावतो, आधी पायांवर, मग हळूहळू वर, एकदम तोंडावर नाही. पायांत चपला. विजार. निळा सदरा. एक हात छातीशी... खिशावर.

दुसरा हात वर.

टॉर्च तिथेच थांबला. तोंडावर न्यायचं धैर्य झालं नाही.

"कोण आहे?"

काही नाही.

"कोण आहे रे?"

वारा नव्हता. लांबवर एक ट्रक गेला असावा, तो आवाजही विरला. वर केलेला हात हलत नव्हता. माणूस किती वेळ हात वर धरू शकतो? पाच मिनिटं? दहा? हा हात कधीपासूनचा वर होता...

"साहेब."

हळू. अगदी हळू.

"कुठलं आधी?"

हवालदार मटकन खाली बसला. वही पडली. टॉर्च पडला, घरंगळला, डांबरावर उजेडाची एक रेघ पसरली. त्या रेघेत चपला दिसत होत्या. बास. तेवढंच.

"साहेब... कुठलं आधी?"

चिडून नाही हो. हेच त्याला सहन होईना. शिवी दिली असती, अंगावर आला असता, गळा धरला असता तर बरं झालं असतं, असं मला म्हणाला. तो नुसता विचारत होता. चार महिने तिथे उभा राहून विचारत होता, कारण कुणी उत्तरच दिलं नव्हतं.

हवालदार रडायला लागला. पन्नाशी उलटलेला माणूस, रस्त्यावर बसून, तोंडात मफलर कोंबून.

"काहीच करू नकोस," तो म्हणाला. "कागद नकोत मला. चूक माझी होती. तू बरोबर केलंस. तू... जा. घरी जा, बाबा."

हवालदारानं मफलरनं डोळे पुसले.

मग चपला वळल्या. गावाकडे. एक पाऊल. दुसरं. आवाज नाही.

हवालदारानं धडपडत टॉर्च उचलला आणि पाठीवर धरला. तो चालला होता. सांगितल्याप्रमाणे, घरी. पण हात...

हात वरच होता.

जा म्हटलं, तर तो गेला. हात खाली घे असं कुणी म्हटलंच नव्हतं. तो हुकूम शिपायाचा होता, आणि हवालदारानं आपला तेवढा मागे घेतला होता. हवालदाराच्या ध्यानात आलं तोवर मिस्त्री वळणापलीकडे पोचला होता. याला ओरडायचं होतं, अरे हात खाली घे, दुखेल रे. टॉर्च वळणावर फिरवला, रस्ता रिकामा.

तिथून मिस्त्रीचं घर सहा किलोमीटर. सहा किलोमीटर... तसाच.

थांब, पाणी घेऊ दे.

चौकशीचं आधी सांगून मोकळा होतो. हवालदार उजाडेपर्यंत केबिनमध्ये बसला. नोंदवही उघडली, त्या रात्रीच्या नोंदीखाली आपल्या हातानं लिहिलं, 'कागद काढा असे मी म्हणालो. त्याने माझे ऐकले.' खाली सही, तारीख. अकरा वाजता तेच सगळ्यांसमोर बोलला. साहेबांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं म्हणतात. शिपाई तिथेच खुर्चीत ओणवा झाला आणि म्हणाला, हो, त्यानं विचारलं होतं. प्रकरण कोर्टात गेलं, ते अजून चालूच आहे. हवालदाराची उरलेली नोकरी गेली, पाठोपाठ सरकारी खोलीही गेली. लोक म्हणाले, उरलेले तीन महिने कळ काढायची होती. ज्याचं जळतं त्याला कळतं, दुसरं काय.

पण मला सांगायची आहे ती त्याआधीची सकाळ.

चौकशीला जायच्या आधी, पावणेसातला, हवालदार मिस्त्रीच्या घरी गेला. चार महिन्यांत त्या जिन्याला त्याचा पाय लागला नव्हता. दुसरा मजला, अरुंद जिना, दाराबाहेर एक मोठी चप्पल नि एक छोटा बूट. दार मिस्त्रीच्या बायकोनं उघडलं. गणवेश पाहूनही तिनं दार लावलं नाही. हातात कंगवा होता.

तो उंबऱ्याबाहेर उभा राहूनच बोलला. "ताई, तुमच्या नवऱ्यानं हुज्जत घातली नव्हती. आम्ही दोघांनी त्याला दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. त्यानं विचारलं, कुठलं आधी. मग त्यानं माझं ऐकलं. मी कागद मागितले म्हणून त्यानं खिशात हात घातला. हे मी आज सगळ्यांसमोर सांगणार आहे."

रात्रीचं त्यानं तिला काही सांगितलं नाही. कसं सांगणार?

ती दाराच्या कडेला डोकं टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं. त्यांना भाजीवाल्याशी घासाघीस करता यायची नाही. पण हिला कुणीतरी सांगायला हवं होतं. माझं ऐकून हिची खात्री पटत नव्हती."

आत मुलगी स्टुलावर बसलेली. शाळेचा गणवेश, केस मोकळे. तिनं सगळं ऐकलं होतं. हवालदाराकडे बघत होती, पापणी न लववता.

"तुम्ही आलात तेव्हा मी हेच बघत होते," बाई म्हणाली. तिनं त्याला आत घेतलं आणि मुलीमागे उभी राहून केस बाजूला केले. "काल रात्री केस धुऊन झोपवलं हिला. स्वच्छ होते. मी स्वतः पुसले. आता विंचरायला घेतले तर हे बघा."

टाळूपासून मानेपर्यंत, एका तळहाताच्या रुंदीएवढे, केस चपचपीत झाले होते. तिनं आपली बोटं त्याच्या नाकापाशी धरली. पातळ, बिनरंगाचं. डोक्याला लावायचं तेल नव्हतं ते.

"शिवणयंत्रात घालतात ते आहे," ती म्हणाली. "नोव्हेंबरातच त्यांचं दुकान रिकामं करून दिलं मी. घरात एक थेंब नाही. दाराला आतून कडी होती. कुठून आलं हे?"

हवालदाराची नजर केसांवरून हलेना. रात्री वर राहिलेला तो हात खाली आला होता.

बाईनं मुलीला उठवलं. "चल, मोरीत चल. पटकन धुऊन टाकू, शाळेला उशीर होतोय."

मुलीनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "धुऊ नकोस, आई."

आईनं पुन्हा सांगितलं नाही. तिची तशीच वेणी घातली, आणि मुलगी शाळेत गेली.