फरशीवरचा पत्ता

"अहो, थांबा! त्या क्रुसाला हात लावू नका!"

अर्लिन चिखलातून जवळजवळ धावतच आली. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मेणबत्त्यांची पुडी, आणि एक चप्पल मागे कुठेतरी रुतून राहिलेली. क्रुसापुढे उकिडवा बसलेला तरुण हातातला ब्रश तसाच हवेत धरून तिच्याकडे बघत राहिला.

"रिकामा होता, म्हणून..." तो चाचरत म्हणाला.

"रिकामा नाहीये. माझा आहे तो."

"तुमचा? तुम्ही तर चांगल्या हिंडत्याफिरत्या दिसताय!"

तिला हसू यायला नको होतं. आठ नोव्हेंबरचा दिवस आणि बास्परची ती टेकडी. तिथे काय कोणी हसायला जातं? पण ओठांनी दगा दिला, आणि ते त्याने पाहिलंसुद्धा.

योलांडा वादळाने तक्लोबान शहर धुऊन नेलं त्याला पाच वर्षं झाली होती. गेलेल्यांपैकी कितीतरी जणांना या टेकडीवर एकत्रच पुरलं होतं. कोण कुठे निजलंय हे देवालाच ठाऊक. मग लोकांनी आपणच एक रीत पाडून घेतली. पांढऱ्या क्रुसांच्या रांगांतला एखादा क्रूस आपला मानायचा, त्यावर आपल्या माणसाचं नाव घालायचं आणि दरवर्षी तिथे मेणबत्ती लावायची. अर्लिननेही वरच्या रांगेतला एक धरला होता. नाव मात्र घातलं नव्हतं.

"सांगा नाव, मीच घालून देतो," तो म्हणाला. "सकाळपासून तेच करतोय. अक्षर बरं आहे माझं."

"नाही घालायचं."

"अहो, पण नावाशिवाय कोणीही..."

"म्हटलं ना, नाही घालायचं!" ती फणकारली, मग तिचा आवाज एकदम खाली आला. "वडिलांना चालणार नाही, माझ्या तातयना. आई सापडलीच नाही ना... ते म्हणतात, सापडली नाही म्हणजे गेली नाही. मी इथे येते हेसुद्धा त्यांना माहीत नाही."

त्याने रंगाच्या डब्याचं झाकण लावलं. उठला, चिखलातून तिची चप्पल शोधून आणली आणि खिशातल्या फडक्याने पुसून तिच्यापुढे ठेवली. पुसून झाल्यावर चप्पल होती त्याहून भयंकर दिसू लागली, कारण फडकं तांबड्या रंगाचं होतं.

"हे काय केलंत!"

"आता हरवली तर ओळखू येईल," तो म्हणाला. "मी रेनान्ते. जीपन्या रंगवतो. बाजारावरून 'स्वर्गाची राणी' लिहिलेली जीपनी जाते ना, ती माझी. म्हणजे... अक्षरं माझी. जीपनी दुसऱ्याची आहे."

दुसऱ्या दिवशी स्वर्गाची राणी, ती रंगीबेरंगी प्रवासी गाडी, बाजारात जरा जास्तच वेळ थांबली आणि तिच्यातून रेनान्ते उतरला. अर्लिन तिथे बिनागोल विकत असे. अळूचा कंद किसून, नारळाच्या दुधात नि साखरेत कालवून करवंटीत वाफवलेला तो गोड, चिकट ऐवज एका माणसाला एक पुरून उरतो. रेनान्ते दोन खायचा. रोज.

"अशाने साखर होईल तुला," एक दिवस ती म्हणाली. 'अहो-जाहो' तोवर कुठल्याकुठे गेलं होतं.

"झाली तर तुझ्या नावाने खडे फोडीन."

"मग नको येऊ."

"न येऊन कसं चालेल? तुझ्या दुकानाची पाटी बघ जरा. अक्षरं अशी झुकलीत, जणू माडी पिऊन उभी आहेत. मला झोप लागत नाही त्यामुळे."

"पाटीमुळे?"

"पाटीमुळे... मुख्यतः."

शेजारच्या सुक्या मासळीवालीने मोठ्यांदा खोकून घेतलं. अर्लिनने मान खाली घालून उगाचच करवंट्या मोजायला घेतल्या. आणि आठवडाभरात दुकानावर नवी पाटी चढली. पिवळी धमक, कडेने निळ्या लाटा, आणि कोपऱ्यात एक छोटीशी तांबडी चप्पल. चप्पल कशाला, असं गिऱ्हाइकं विचारत. अर्लिन सांगत नसे.

पुढे पुढे तो उत्तरेच्या टेकडीवरच्या नव्या वसाहतीतही दिसू लागला. वादळानंतर अर्लिनसारख्या किनाऱ्यावरच्या लोकांना तिथे एकसारखी घरं मिळाली होती. घरं चांगली होती, पण नळांना पाणी नव्हतं. टँकर यायचा आणि रांग लागायची. रेनान्ते रांगेत उभा राहायचा, दोन्ही हातांत बादल्या घेऊन चढ चढायचा आणि अर्लिनच्या दारातलं पिंप भरून टाकायचा. दारातल्या खुर्चीत बसून तातय इस्को हे सगळं मिशीत हसत बघायचे. जन्मभर समुद्रात जाळी टाकलेला माणूस तो. गळाला कोण लागलंय ते त्यांना काय सांगायला हवं होतं?

"पोरा," एकदा ते म्हणाले, "शहराच्या त्या टोकाला राहतोस तू. तिथून इथे पाणी भरायला येतोस. ताकाला येऊन भांडं कशाला लपवतोस?"

रेनान्तेच्या बादलीतलं अर्धं पाणी पायावर सांडलं. दारामागे अर्लिनने कान टवकारले.

"तातय, मला अर्लिनशी... म्हणजे तुमची परवानगी असेल तर..."

"माझं काय जातंय? मुलगा तू चांगला आहेस." म्हातारा खरंच प्रसन्न दिसत होता. "फक्त तिची आई येऊ दे. आईला न विचारता पोरीचं लग्न ठरवणारा मी कोण?"

हे त्यांनी अगदी साधेपणाने म्हटलं. जणू अर्लिनची आई रोसालिंदा बाजारात गेली होती आणि जेवायच्या वेळेपर्यंत परत येणार होती.

दर रविवारी तातय केरसुणी घेऊन सान होसेला जात. तिथे समुद्राला लागून त्यांचं जुनं घर होतं. घर कसलं, आता नुसती सिमेंटची फरशी उरली होती. भिंती, छप्पर, चूल, सगळं त्या सकाळच्या पाण्याने नेलं होतं, आणि रोसालिंदालाही. तातय त्या उघड्या फरशीवरची वाळू झाडत आणि मधोमध खडूने नवा पत्ता लिहीत. ब्लॉक सात, घर एकोणीस. पलीकडच्या सामार बेटावर कोणी तिला आसरा दिला असेल, डोक्याला मार लागून ती सगळं विसरली असेल, आणि एक दिवस आठवून परत आली, तर येईल ती इथेच ना? मग तिला कळायला नको, आपली माणसं कुठे गेली ते?

पण खडू तो खडूच. पावसाची एक सर आली की पत्ता वाहून जायचा.

"तू रंगवतोस ना?" तातयनी एकदा रेनान्तेला विचारलं. "न पुसणारं लिहून देशील?"

अर्लिनला वाटलं, आता तरी हा काही बोलेल. आता हळूच समजावील म्हाताऱ्याला...

"देतो," रेनान्ते म्हणाला. "जहाजांना लावतात तो रंग आणतो. खाऱ्या पाण्यालासुद्धा दाद देत नाही."

त्या रविवारी भल्या सकाळी तो फरशीवर गुडघे टेकून अक्षरं आखत होता. तातय चहा आणायला गेल्याचं बघून अर्लिन त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"काय करतोयस कळतंय का तुला? खडू होता तोवर कधीतरी दमले असते ते! आता जन्मभर वाट बघतील. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोयस तू... आणि माझ्याही."

त्याने ब्रश खाली ठेवला.

"वादळ आलं तेव्हा मी सेबूला कामावर होतो," तो म्हणाला. हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. "मिळेल त्या बोटीने घरी, आनीबोंगला आलो. आमच्या गल्लीत जहाज येऊन बसलं होतं, अर्लिन. घरावर जहाज! मी शाळाशाळांतून हिंडलो, देवळांतून हिंडलो. प्रत्येक भिंत वाचली. लोकांनी कोळशाने लिहिलं होतं, आम्ही जिवंत आहोत, आम्ही अमक्याकडे गेलो... मी सगळ्यांचं वाचलं. माझ्यासाठी कोणी लिहिलेलं नव्हतं. तेव्हा कुठेतरी एक ओळ मिळावी म्हणून मी काय वाटेल ते दिलं असतं. आता कोणी मला ती ओळ लिही म्हणतंय... मी नाही कसं म्हणू?"

अर्लिन त्याच्याशेजारी बसली आणि रंगाचा डबा वाऱ्याने कलंडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवला. आपलं या माणसावर प्रेम आहे हे तिला बरेच दिवस माहीत होतं. ते किती आहे, हे त्या सकाळी कळलं.

पत्ता झकास झाला. पांढरी, हातभर उंचीची अक्षरं, वर रोसालिंदाचं नाव. होडीतूनसुद्धा वाचता आली असती. तातय चहाची किटली हातात धरून त्याभोवती एक फेरी मारून आले.

"आता पुन्हा लिहायला नको?"

"नको, तातय. आता तुम्हाला एखाद्या रविवारी नाही जमलं, तरी तो इथे असेल."

म्हातारा मटकन फरशीच्या कडेवर बसला. समुद्र शांत होता. पोरं लाटांत डुंबत होती. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "दमलो रे," आणि चहा तसाच निवून गेला.

पुढच्या रविवारी त्यांनी केरसुणी उचलली, दारापर्यंत गेले, आणि परत कोपऱ्यात ठेवून दिली.

दिवस जात राहिले. टँकर आला, गेला, बिनागोल खपले, रेनान्तेचा चेहरा गोल झाला. लग्नाचा विषय कोणी काढला नाही. आणि एके सकाळी नोव्हेंबरची भुरभुर सुरू असताना तातय अचानक म्हणाले, "अर्लिन, त्या टेकडीवर... तुझा कोणता गं?"

तिच्या हातातली पळी निसटली. "तुम्हाला... तुम्हाला कोणी सांगितलं?"

"दरवर्षी चपलेला तो चिखल घेऊन येतेस. बास्परची माती ओळखत नाही का मी?" ते म्हणाले. "गेल्या साली तर चप्पलच रंगवून आलीस."

आठ नोव्हेंबरला तिघंही गेली. सकाळी शहरभर घंटा वाजल्या होत्या. टेकडीवर गर्दी होती, पण बोलणं हलक्या आवाजात चाललं होतं. कोणी गेलेल्यांसाठी भात आणला होता, कोणी सिगारेटी. अर्लिनने आपला क्रूस दाखवला. तातयनी त्याच्यावर हात फिरवला, एखाद्या पोराचं डोकं कुरवाळावं तसा.

"लिही," ते रेनान्तेला म्हणाले.

रेनान्तेने नाव लिहिलं. रोसालिंदा. अर्लिन छत्री धरून उभी होती, त्याच्यावर नव्हे, ओल्या अक्षरांवर.

"खाली तारीख घालू?"

"तारीख नको. पत्ता घाल."

"पत्ता?"

"आपला. ब्लॉक सात, घर एकोणीस. तिकडे सान होसेला आली तर तिकडे वाचेल. इथे असली... तर इथे वाचेल. आम्ही तिला टाकून गेलो असं तिला वाटायला नको."

एवढ्या जीपन्या रंगवल्या, पण रेनान्तेचा हात कधी हलला नव्हता. 'एकोणीस'चा नऊ थोडा वाकडाच आला. तो त्याने तसाच ठेवला. अर्लिन रडत होती, आणि तातयही. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघं एकमेकांदेखत रडत होती.

मग तातयनी नाक पुसलं. "तुझी माणसं कुठायत, पोरा?"

"इथेच. खालच्या रांगेत. आई आणि मोठा भाऊ."

"चल."

मुलाकडच्या वडीलधाऱ्यांनी मुलीच्या घरी जाऊन मागणी घालायची, ही तिथली रीत. तातय त्या दोन क्रुसांपुढे गेले, टोपी काढली आणि घसा खाकरला.

"मी इस्को. सान होसेचा," ते म्हणाले. "तुमच्या मुलाला माझी मुलगी हवी आहे. खरं तर तुम्ही आमच्याकडे यायचं. पण तुम्हाला आता जमणार नाही, म्हणून मीच आलो. मुलगा गुणी आहे. खातो जास्त, पण पाणीही भरतो. आमच्याकडून होकार आहे."

ते थोडा वेळ थांबले, समोरून काही उत्तर येतंय का बघावं तसे. मग मान डोलावून त्यांनी टोपी घातली.

"झालं. आता आजपासून वर्षभर तिच्या आईचं सुतक. काळे कपडे. वर्ष सरलं की लग्न."

"अजून एक वर्ष पाणी भरायचं, तातय?" रेनान्ते डोळे पुसत म्हणाला.

"मग काय, लग्न झालं की सुटशील असं वाटलं तुला?"

संध्याकाळी शहरातल्या रस्त्यांच्या दोन्ही कडांनी मेणबत्त्या लागल्या. आपलं माणूस गेलेलं असो नसो, जो तो आपल्या दारापुढची लावतो. बाजारात दुकानापुढे अर्लिन आणि रेनान्ते रांगेने मेणबत्त्या चिकटवत होते. भुरभुर थांबली होती, वारा मात्र ज्योती टिकू देत नव्हता.

"एक आहे," अर्लिन म्हणाली. "तुझ्या माणसांना विचारलं, माझ्या आईला कळवलं. मला कोणी विचारलंच नाही."

त्याच्या हातातली काडी विझली. त्याने दुसरी ओढली.

"तो पत्ता मी फरशीवर लिहिला, क्रुसावर लिहिला," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मनात येतं... एकदा आपल्या स्वतःच्या नावाखाली लिहावा. वर्षाने... चालेल?"

"घरजावई होणार म्हण की!"

"तातयना एकटं टाकायचं नाही ना आपल्याला?"

तिने मेणबत्तीभोवती दोन्ही हातांचा आडोसा केला. त्याने त्या आडोशात काडी धरली, आणि वात पेटली.

"चालेल," ती म्हणाली. "पण तेव्हा तो नऊ नीट काढ."