भोंग्यातला संघपाल

काम साधंच होतं. शेतातली बॅटरी घरी आणायची, चार्ज करायला. आमच्या धानाच्या बांधीत रानडुकरं पळवायला भोंगा लावलाय, तो या बॅटरीवर चालतो. त्यातला आवाज माझाच, मागच्या साली नववीत असताना बाबांनी भरून घेतलेला, "हुर्रर्र... हाट्... हुर्रर्र..."

यंदा माझा आवाज फुटला. वर्गात हजेरी दिली की साक्षी आणि रिना तोंडावर ओढणी धरतात. त्यांचं एक सोडा. पण परवा फोनवर आईच म्हणाली, "कोण बोलून राह्यला?" ते मला फार लागलं. संध्याकाळी ती अंगणात बसून भोंगा ऐकते. "किती गोड आवाज होता माह्या संघपालचा," म्हणते. मी शेजारीच बसलेला असतो.

बांधीत पोचलो तेव्हा दिवस बुडत होता. धानाचा ओला वास सुटला होता, पलीकडचं जंगल गप्प होतं. मी वायर काढली आणि भोंगा मध्येच थांबला. खरं सांगतो, त्याला गप्प केल्यावर बरं वाटलं. बॅटरी खांद्यावर घेऊन निघालो. दहा पावलं गेलो असेन.

मागून आवाज आला, "आई..."

हा शब्द आम्ही भरलाच नव्हता.

मी पळत सुटलो. वाघाच्या भीतीने आमच्याकडे अंधार पडायच्या आत दारं लागतात. बाबा सिंदेवाहीला गेलेले, घरात आई एकटीच. मी कडी वाजवली.

"कोण होय?"

"मी... संघपाल."

आत काहीच हललं नाही.

"आई, मीच आहो. आता माहा आवाज असाच झाला."

दार उघडलं. आईने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, गालावर हात ठेवला. "एवढा घाबरला काऊन, बाबू?" तिने मला आत घेऊन कडी लावली. मी बॅटरी खाली ठेवली आणि मला रडूच आलं. ती माझे गाल पुसू लागली. तिने मला ओळखलं होतं.

तेवढ्यात बाहेरून कडी वाजली. अगदी हलकी.

"आई... मले बाहेर काऊन ठेवलं?... भूक लागली ना वं..."

तो कोवळा, नववीतला आवाज.

आईचा हात माझ्या गालावरून खाली आला.

"आई, नको... मी इथी आहो," मी माझ्या जाड आवाजात म्हणालो.

तिने वळून पाहिलं नाही.

"आली रे बाबू," म्हणत तिने कडी काढली.